चार फुटांचा पट सारखा चुकतोय? आधी चूक नेमकी कुठली ते शोधा

गोल्फमध्ये होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू होलकडे घरंगळवायचा हलका फटका म्हणजे पट, आणि त्यासाठीची काठी म्हणजे पटर. सरावाच्या ग्रीनवर चार फुटांचे पट एकामागून एक होलमध्ये पडतात. तासाभरानं मैदानात तेवढाच पट समोर येतो आणि चेंडू होलच्या उजव्या कडेला घासून निघून जातो. पुढचा डावीकडून जातो, त्याच्या पुढचा तोंडाशी येऊन थांबतो. मग ग्रिप बदलली जाते, नाहीतर पटरच बदलला जातो. दोन राउंड बरे जातात आणि तिसऱ्याला दुखणं उलटतं.

उलटतं, कारण रोग ओळखायच्या आधीच औषध दिलेलं असतं. पट चुकण्याची मुळं तीन. चेंडू ठरवलेल्या दिशेला सुटला नाही, त्याला वेग बरोबर मिळाला नाही, किंवा ग्रीनचा उतार वाचतानाच अंदाज चुकला. तिन्हींचा शेवट सारखाच दिसतो, चेंडू होलबाहेर. उतार कमी वाचणाऱ्या माणसानं ग्रिप बदलली तर त्याला काही दिवस बरं वाटेल, कारण नव्या ग्रिपमुळे तो जरा जास्त लक्ष देऊन खेळतो. पण उतार तो तेवढाच कमी वाचत राहणार. आत्मविश्वासाचंही तसंच आहे. ‘मनात शंका आणू नकोस’ असं कितीही बजावलं तरी शंका जात नाही. आपला चेंडू कुठे सुटतो हे ज्याला नक्की माहीत आहे, त्याला ती फारशी छळत नाही. म्हणून सुरुवात तपासणीपासून करायची.

खालचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून घ्यावं.

किती पट पडायलाच हवेत?

पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले) खेळाडू ८ फुटांवरून जवळपास निम्मेच पट घालतात. ३ फुटांवरून त्यांचा पट क्वचितच चुकतो, आणि २० फुटांवरून साधारण सातांत एक पडतो. हे आकडे डोक्यात असले की निम्मी घालमेल कमी होते. ८ फुटांचा पट चुकल्यावर मान खाली घालून पुढच्या टीकडे (पुढच्या होलच्या सुरुवातीच्या जागेकडे) जाणारे खूप जण दिसतात. तो पट जगातल्या उत्तम खेळाडूंचाही दोनांत एकदा चुकतो. तुमची समस्या खरी आहे का हे ठरवायचं असेल तर ५ फुटांच्या आतले चुकलेले पट मोजा, आणि त्याच्याबरोबर किती ग्रीनवर तीन पट लागले तेही. बाकीचे सध्या सोडून द्या.

आता थोडं गणित, कारण ते धीर देणारं आहे. होलचा व्यास ४.२५ इंच असतो, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो. होलच्या मध्यापासून कड दोन इंचांहून जराशी लांब आहे. दिशेत १ अंशाची चूक झाली तर ५ फुटांवर चेंडू इंचभर सरकतो, १० फुटांवर सुमारे २ इंच आणि २० फुटांवर ४ इंच. म्हणजे १० फुटांवर एका अंशाची चूक झाली तर चेंडू जेमतेम कड पकडतो. पण ४ फुटांचा सरळ पट पूर्ण बाहेर जायला अडीच अंशांहून मोठी चूक लागते. एवढी मोठी चूक शोधली की सापडते. तिच्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) पुरतात.

गेट लावून बघा

सरावाच्या ग्रीनवर सपाट जागा शोधा. डोळ्यांवर विसंबू नका. होलच्या समोरासमोरच्या दोन बाजूंनी हळूच पट मारून बघा. दोन्हीकडून चेंडू वळला नाही तर जागा खरंच सरळ आहे. पूर्ण सपाट जागा मिळाली नाही तर हलकासा सरळ चढ चालतो.

आता होलपासून ५ फुटांवर चेंडू ठेवा. चेंडूच्या पुढे दीड फुटावर, होलच्या रेषेत, दोन टी रोवा. त्यांच्यामधली जागा चेंडूपेक्षा साधारण एक सेंटीमीटर जास्त असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटीमीटर मोकळा. टी जास्त खोल रोवू नका, चेंडू लागला की त्या हलल्या पाहिजेत आणि आवाज आला पाहिजे. ही फट दिसायला अगदी अरुंद वाटते. पण तिच्यातून टीला न लागता गेलेला चेंडू पाऊण अंशाहून कमी चुकलेला असतो, आणि सरळ पटवर योग्य वेगानं मारला असेल तर तो १० फुटांपर्यंत होलमध्ये जायलाच हवा.

दहा चेंडू मारा आणि होलकडे बघूच नका. फक्त गेटकडे, म्हणजे त्या दोन टींमधल्या फटीकडे बघा. चेंडू डाव्या टीला लागला, उजव्या टीला लागला की मधून गेला, एवढंच लिहून ठेवा. होल समोर असला की आपण निकालावर नाराज होतो आणि कारण बघायचं राहून जातं. हवं तर होलच्या जागी नुसतं एखादं नाणं ठेवून ही चाचणी करा.

सात-आठ चेंडू स्वच्छ गेले तर तुमचा स्ट्रोक (पटर मागे-पुढे नेण्याची हालचाल) निर्दोष समजा आणि थेट वेगाच्या भागाकडे जा. तुमचं दुखणं दुसरीकडे आहे, आणि स्ट्रोकला हात लावलात तर चांगलं चाललेलं बिघडेल.

चेंडू गेटला लागतोय

चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे मुख्यतः चेंडूला लागताना पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे बघतोय त्यावर ठरतं. स्ट्रोकचा मार्ग थोडा आतून-बाहेरून असला तरी त्याचा परिणाम त्यामानानं लहान असतो. दिशेतला तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा फेसचा आहे. त्यामुळे ‘स्ट्रोक सरळ रेषेत गेला पाहिजे’ या मागे लागून मनगटं आणि खांदे आखडून घेण्यात अर्थ नाही. चांगल्या खेळाडूंचे स्ट्रोक हलक्या कमानीत जाणारेही आहेत आणि जवळपास सरळ जाणारेही.

सगळ्यात आधी नेम तपासा, कारण ही चूक सगळ्यात जास्त लपून राहते. चेंडूसमोर उभे राहा, पटर नेमका होलकडे लावला असं वाटलं की थांबा, आणि मागे उभ्या असलेल्या कुणालातरी फेस कुठे बघतोय ते सांगायला सांगा. माझ्याबरोबर खेळणाऱ्या एका काकांचे छोटे पट कायम डावीकडे जायचे. ते म्हणायचे, हात लवकर वळतो. मागून बघितलं तर त्यांचा पटर मुळात होलच्या उजव्या कडेबाहेर बघत होता. हाताला ते कुठेतरी जाणवत असणार, म्हणून स्ट्रोकमध्ये तो फेस डावीकडे ओढून घ्यायचा. कधी बरोबर तेवढाच, कधी जास्त. सरावात तीस पट मारल्यावर त्या ओढण्याला लय सापडायची आणि चेंडू पडायचे. मैदानात पहिल्याच पटला लय कुठून येणार? त्यांचा हात सुधारायचा प्रयत्न केला असता तर पट उजवीकडे जायला लागले असते. नेम सुधारला आणि ओढणं हळूहळू कमी झालं.

नेमासाठी चेंडूवर मार्करनं सरळ रेषा काढा, ती मागून बसून लक्ष्यावर लावा, आणि पटरवरची रेषा तिच्याशी जुळवा. काहींना ही रेषा उलट त्रास देते, वरून बघताना ती वाकडीच वाटते. तसं होत असेल तर रेषेचा नाद सोडा आणि चेंडूच्या पुढे हातभर अंतरावरचा एखादा ठिपका, रंग बदललेलं गवताचं पातं, असं काहीतरी निवडून त्यावर फेस लावा. चार फुटांवरच्या होलपेक्षा हातभरावरच्या ठिपक्यावर नेम धरणं खूप सोपं आहे.

मग डोळ्यांची जागा. पटिंगच्या पवित्र्यात उभं राहून नाकाच्या वरच्या टोकाजवळून, दोन डोळ्यांच्या मधून, एक चेंडू खाली सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या पायांकडे, पडला तर ठीक. चेंडूच्या पलीकडे पडला तर तुम्ही फार वाकलेले आहात आणि रेषा तुम्हाला आहे तशी दिसत नाही. चेंडूची जागा पवित्र्याच्या मध्यापासून जराशी पुढे, साधारण डाव्या डोळ्याखाली. चेंडू मागे सरकला की फेस बंद व्हायच्या आधीच लागतो आणि पट उजवीकडे जातो. फार पुढे असला की डावीकडे.

नेम बरोबर आणि तरीही चेंडू टीला लागतोय, तर हातांकडे बघा. चुकणाऱ्या छोट्या पटच्या आधी हातात काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. पटर मागे जायच्या क्षणभर आधी अंगठे ग्रिपवर दाबले जातात, नखं पांढरी पडतात, मनगटाच्या वरच्या शिरा ताणतात. पटरचं डोकं जमिनीवरून निघताना अगदी थोडंसं थरथरतं. मग बॅकस्ट्रोक लांब होतो, कारण आखडलेल्या हाताला अंतराचा अंदाज राहत नाही. पुढे येताना मेंदूला कळतं की हे जास्त होणार, आणि हात वेग कमी करतो. वेग कमी करताना डावं मनगट मोडतं आणि फेस फिरतो. हे सगळं एका सेकंदात होतं आणि खेळाडूला फक्त ‘ओढला गेला’ एवढंच जाणवतं.

इथे उपाय एकच: बॅकस्ट्रोक आखूड करा. चेंडूच्या मागे साधारण एका पावलाच्या लांबीएवढ्या अंतरावर एक टी आडवी ठेवा आणि पटर त्या टीच्या पलीकडे जाऊ देऊ नका. मागे कमी गेलं की पुढे येताना थांबवायची गरजच पडत नाही. ग्रिपची पकड पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी ठेवा. हलकी की घट्ट यापेक्षा ती मध्येच बदलू नये हे जास्त महत्त्वाचं आहे. लयीसाठी मागे जायला दोन आणि चेंडूपर्यंत यायला एक असा हिशेब बहुतेक चांगल्या पटिंगमध्ये दिसतो. मनात ‘एक-दोन’ मोजून मागे आणि ‘तीन’ला चेंडू, असं म्हणून बघा.

डोकं लवकर उचलणं हेही इथलंच. डोक्यामागे खांदा उघडतो आणि खांद्यामागे फेस जातो. ‘डोकं खाली ठेव’ ही सूचना मात्र मला पटत नाही, त्यानं मान आखडते. त्याऐवजी छोट्या पटवर चेंडू पडल्याचा आवाज कानांनी ऐका. आवाज येईपर्यंत चेंडू होता त्या जागेच्या गवताकडे बघत राहा.

चेंडू फेसच्या मध्यावर लागतोय का, हे बघायला पटरच्या दोन्ही टोकांबाहेर एकेक टी रोवा, पटर मधून जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर. टायगर वूड्स असाच गेट लावून, पुष्कळदा फक्त उजव्या हातानं पट मारत सराव करताना दिसतो. टोकाला लागलेला चेंडू दिशाही बदलतो आणि आखूडही पडतो.

गेटमधून जातो, पण होलमध्ये पडत नाही

मग प्रश्न वेगाचा किंवा उताराचा, आणि हे दोन एकमेकांत गुंतलेले असतात.

होलच्या तोंडाशी पोचताना ज्याचा वेग जेमतेम उरला आहे अशा चेंडूसाठी होल जवळजवळ पूर्ण रुंद असतो. कडेवरून आला तरी आत कलंडतो. वेगानं आलेल्या चेंडूसाठी तोच होल अरुंद होतो, कारण त्याला खाली पडायला वेळच मिळत नाही. कडेला लागून फिरून बाहेर येणारे पट बहुतेक याच जातीचे. दुसरीकडे, होलपर्यंत न पोचलेला पट पडण्याची शक्यता शून्य. पटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी चुकलेला पट होलच्या पुढे १७ इंच जाऊन थांबेल एवढा वेग सुचवला होता. माझं मत असं की १७ हा आकडा धरून बसू नये. वेगवान किंवा उताराच्या ग्रीनवर फूटभर पुरे, संथ ग्रीनवर दीड फूट. पण एक काहीतरी ठरवा आणि सगळ्या पटना तेच वापरा, कारण वेग ठरल्याशिवाय उतार वाचताच येत नाही. त्याच उतारावरून जोरात मारलेला चेंडू कमी वळतो आणि हळू मारलेला जास्त. दर वेळी वेग वेगळा असेल तर कुठली लाइन (चेंडूचा ठरवलेला मार्ग) बरोबर होती हे कधीच कळणार नाही.

उताराची चाचणी सोपी आहे. पुढच्या दोन-तीन राउंडमध्ये वळणारा प्रत्येक चुकलेला पट होलच्या वरच्या बाजूनं गेला की खालच्या, एवढंच स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात खुणेनं लिहा. बहुतेक हौशी खेळाडूंच्या खुणा खालच्या बाजूला साचतात. ते वळण कमी धरतात. खालच्या बाजूला गेलेला चेंडू होलपासून लांबच जात राहतो. वरच्या बाजूचा निदान शेवटपर्यंत होलकडे येत असतो. खुणा खालीच पडत असतील तर सध्या स्ट्रोक विसरा. जेवढं वळण वाटतं त्यात अर्ध्याची भर घालून काही राउंड खेळून बघा.

उतार वाचताना चेंडूमागे बसून बघणं पुरेसं नाही. लाइनच्या खालच्या बाजूला, चेंडू आणि होल यांच्या साधारण मध्यावर जाऊन एकदा बघा, तिथून चढ-उताराचा अंदाज चांगला येतो. चालत जाताना तळपायांना काय कळतंय तेही धरा. डावा पाय जड वाटतोय की उजवा, हे डोळ्यांइतकंच खरं सांगतं. सगळ्यात जास्त लक्ष शेवटच्या तिसऱ्या हिश्शावर द्या, कारण चेंडू तिथे संथ झालेला असतो आणि वळतो तो मुख्यतः तिथेच. बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताचा कलही बघा. लाइनकडे बघताना गवत चमकदार दिसलं तर कल तुमच्यापासून पुढे आहे आणि चेंडू जास्त धावेल. काळपट दिसलं तर तो अडखळेल. होलच्या कडेला एका बाजूचं गवत झिजून विस्कटलेलं दिसलं तर कल त्या बाजूला आहे.

तीन पट लागतात तेव्हा

तीन पट लागले की दोष दुसऱ्या पटला दिला जातो, तो ५ फुटांचा होता आणि चुकला म्हणून. खरं म्हणजे ४० फुटांवरून मारलेला पहिला पट ५ फुटांवर का थांबला हा प्रश्न आहे. ४० फुटांवर दिशेत २ अंशांची चांगली मोठी चूक झाली तरी चेंडू दीड फुटाच्या आसपास बाजूला जातो. जोराचा अंदाज मात्र सहज ६ फुटांनी चुकतो. लांबच्या पटला उताराचा अंदाज एकदा नीट घ्या आणि मग सगळं लक्ष अंतरावर लावा. सरावाचे स्ट्रोक चेंडूकडे बघत मारू नका. होलकडे बघत मारा. चेंडू फेकताना आपण हाताकडे बघत नाही, लक्ष्याकडे बघतो आणि हाताला जोर आपोआप कळतो.

सराव असा करा: २०, ३० आणि ४० फुटांवर खुणा ठेवा, प्रत्येक अंतराला एकच चेंडू मारा, मग अंतर बदला. एकाच जागेवरून दहा चेंडू मारले तर तिसऱ्यापासून पुढचे सगळे जवळ थांबतात आणि आपल्याला जमतंय असा गैरसमज होतो. मैदानात पहिलाच चेंडू मोजला जातो.

ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर वापरतात. एडवर्ड स्टिम्प्सन यांनी तो १९३५ मध्ये तयार केला. एका तिरप्या पट्टीवरून सुटलेला चेंडू सपाट ग्रीनवर किती फूट जातो तो आकडा म्हणजे ग्रीनचा वेग. ८ च्या ग्रीनवर २० फूट जाणारा स्ट्रोक ११ च्या ग्रीनवर २७ फुटांपर्यंत जातो. सकाळी दवामुळे ग्रीन संथ असतं, दव सुकल्यावर तेच वेग घेतं. म्हणून पहिल्या तीन-चार होलवरचे तीन पट मनाला लावून घेऊ नका, पण त्यातून त्या दिवसाचा वेग जरूर लक्षात ठेवा.

सरावात जमतं, राउंडमध्ये नाही

गेटची चाचणी पास, वेग बरा, खुणा दोन्ही बाजूंना सारख्या, तरी मैदानात चार फुटांचे पट चुकतात. आता मनाचा विचार करायची वेळ आली. त्याआधी नाही.

१९७० च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत सेंट अँड्र्यूजच्या १८ व्या होलवर डग सँडर्ससमोर विजेतेपदासाठी तीन फुटांहून कमी अंतराचा पट होता. तो पवित्र्यात उभा राहिला, लाइनवर काहीतरी दिसलं म्हणून खाली वाकला, आणि मागे सरकून पुन्हा सुरुवात न करता तसाच पट मारला. चेंडू उजवीकडून गेला. दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये जॅक निकलॉसनं त्याला एका फटक्यानं हरवलं. यातली कामाची गोष्ट दडपणापेक्षा क्रमाची आहे. मध्ये व्यत्यय आला की चेंडूपासून दूर व्हायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, पट एका फुटाचा असला तरी.

क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, पण तो आखूड असावा. मागून लाइन ठरवणं, एक किंवा दोन सरावाचे स्ट्रोक, फेस ठिपक्यावर लावणं, होलकडे एक नजर, आणि नजर चेंडूवर आली की स्ट्रोक. नियमांनुसार फटका मारायला ४० सेकंद पुरेसे मानले जातात, आणि तेवढे लागतही नाहीत. शेवटच्या नजरेनंतर रेंगाळू नका. हात आखडतो तो याच वेळात. जोन विकर्स यांच्या संशोधनात असं दिसलं की कसलेले खेळाडू स्ट्रोक सुरू करण्याआधी आणि स्ट्रोकच्या दरम्यान नजर चेंडूवरच्या एकाच जागी स्थिर ठेवतात, साधारण दोन-तीन सेकंद. नवख्यांची नजर चेंडू, पटर, होल अशी फिरत राहते. म्हणून चेंडूच्या मागच्या बाजूचा एक खळगा निवडा आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच बघा. मनाला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा डोळ्यांना काम देणं सोपं जातं.

सरावात थोडं दडपणही आणा. होलभोवती ३ फुटांवर गोल करून चेंडू ठेवा आणि सलग सगळे घाला. एक चुकला की पहिल्यापासून. फिल मिकलसन हाच सराव सलग १०० पटपर्यंत नेण्यासाठी ओळखला जातो. तुम्ही दहानं सुरू करा. नववा आणि दहावा चेंडू मारताना पोटात जे होतं, त्याच्यासाठीच हा सराव आहे. गोल असल्यामुळे चढ, उतार, डावं वळण, उजवं वळण सगळं येतं, हा दुसरा फायदा.

हात आपोआप झटका देतो

हे वेगळं दुखणं आहे, त्याला यिप्स म्हणतात. दडपण नसतानाही, कधीकधी दोन फुटांच्या पटवरही, चेंडूला लागण्याच्या क्षणी हात झटका देतो किंवा पटर मागे जायलाच तयार होत नाही. काही जणांत हे भीतीतून येतं, काही जणांत ते स्नायूंवरच्या नियंत्रणाचं असतं, म्हणजे लिहिणाऱ्याचा किंवा वादकाचा हात ठरावीक हालचालीलाच आखडतो त्या प्रकारचं. यात इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही. अर्नी एल्स चार मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला खेळाडू, आणि २०१६ च्या मास्टर्समध्ये पहिल्याच होलवर तीन फुटांच्या आतून त्याला सहा पट लागले.

यावर सराव वाढवून फारसा उपयोग होत नाही, तीच हालचाल आणखी पक्की होते. हालचालच बदलावी लागते. बर्नहार्ड लँगरला यिप्सनं अनेकदा गाठलं. डावा हात ग्रिपच्या खाली नेऊन, उजव्या हातानं डाव्या हाताचा कोपराखालचा भाग पटरच्या दांड्यासकट धरायचा अशी विचित्र दिसणारी ग्रिप त्यानं घेतली, आणि १९८५ नंतर १९९३ मध्ये पुन्हा मास्टर्स जिंकलं. तुम्ही डावा हात खाली ठेवून बघा, किंवा उजव्या हाताची क्लॉ ग्रिप, ज्यात उजवा तळवा दांड्याला कवेत न घेता बोटांच्या चिमटीत धरतो. स्कॉटी शेफलरनं २०२४ च्या अखेरीस जवळच्या पटसाठी क्लॉ ग्रिप घेतली तेव्हा तो जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, त्यामुळे लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवा. लांब पटर वापरायला परवानगी आहे. फक्त तो छातीला किंवा पोटाला टेकवून स्ट्रोक मारायला १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे. झटका पटिंगबाहेरही, लिहिताना वगैरे, जाणवत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पटर बदलावा का?

बहुतेक वेळा नाही. पण लांबी जरूर तपासा. हात सहज खाली लोंबकळत असताना ग्रिपचं टोक पोटाला अडत असेल, किंवा पटर जमिनीला टेकवल्यावर पुढचं टोक वर उचललेलं राहत असेल, तर पटर तुम्हाला लांब आहे आणि फेस डावीकडे बघायला लागतो. दुकानात मिळणारे पटर साधारण ३३ ते ३५ इंचांचे असतात आणि पुष्कळ जण गरजेपेक्षा इंचभर लांब वापरतात. नवा घेण्याआधी आहे त्याच ग्रिपवर इंचभर खाली धरून गेटची चाचणी पुन्हा करा. फरक दिसला तर दांडा कापून घेता येतो, पण डोकं हलकं वाटायला लागेल हे लक्षात ठेवा.

राउंडच्या आधीची दहा मिनिटं

सुरुवात लांबच्या पटपासून करा, होल न बघता, ग्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्या दिवसाचा वेग हाताला कळू द्या. मग गेट लावून पाच-सहा चेंडू. इथे गडबड दिसली तर स्ट्रोक दुरुस्त करत बसू नका, त्या दिवशी नेमाच्या ठिपक्यावर भर द्या आणि दुरुस्ती सरावाच्या दिवशी करा. नंतर एकच चेंडू हातात ठेवा, वेगवेगळ्या जागांवरून पूर्ण क्रमानं पट मारा आणि प्रत्येक पट पडेपर्यंत खेळा. शेवटचे चार-पाच पट दोन फुटांवरून मारा, आणि ते पडले की पटर बॅगेत ठेवून पहिल्या टीकडे निघा.